थरथरणाऱ्या लूरसाठी रॉड कोणता घ्यावा? हतनूरच्या फुगवट्यातील अनुभव आणि प्रश्न

तापीकाठ (भुसावळ)

सर्व जाणकारांना नमस्कार. लहानपणी बांबूची काठी, बुचाचा तरंगा आणि गांडूळ एवढ्या सामग्रीवर मी तापीत गळ टाकत असे; रॉड आणि रीळ हाती घेऊन मात्र तीनच वर्षे झाली आहेत. ही तीन वर्षे बहुतांशी मरळीच्या मागे, रबरी बेडूक फेकण्यात गेली. त्यासाठी घेतलेला रॉड साडेसहा फुटांचा, हेवी ताकदीचा आणि फास्ट ॲक्शनचा, म्हणजे ताठ आणि टोकाशीच वाकणारा असून रिळावर 40 पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन आहे.

यंदा दिवाळीनंतर पाणी थोडे निवळल्यावर हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवच्या संगमाकडील बाजूला, मी प्रथमच थरथरणाऱ्या लूर, म्हणजे माशाला भुलवणारी नकली आमिषे, वापरून पाहिली. एक 14 ग्रॅमची लिपलेस, म्हणजे जिच्या हनुवटीला पाणी कापणारी जीभ नसते आणि जिच्या पोटात छर्रे खुळखुळतात ती. दुसरी 10 ग्रॅमची चॅटरबेट, म्हणजे जिच्या तोंडापुढे षटकोनी पत्रा खडखडत असतो ती. पूर्णेचे पाणी मिसळल्यावर तिथे गढूळपणा बरेच दिवस टिकतो, त्यामुळे आवाज आणि कंप असलेली लूर चालेल असा माझा अंदाज होता आणि तो चुकला नाही. अडचण पुढे आली. चार फेऱ्यांत मिळून अकरा वेळा माशाने लूर धरली आणि काठावर आले केवळ तीन मासे. उरलेल्यांपैकी काही दोन-तीन सेकंदांतच सुटले, काहींच्या बाबतीत एक जोरदार झटका बसून लूर मोकळीच परत आली, आणि एकदा हुक चक्क सरळ झालेला होता. तासाभराने मनगट दुखू लागते ते वेगळेच.

एका मित्राने त्याचा जुना, पूर्ण ग्लास फायबरचा मऊ रॉड वापरून पाहण्यास दिला. त्यावर मासे कमी सुटले, परंतु लूर थरथरते आहे की तिला शेवाळ अडकले आहे हेच हाताला कळेना. आता नवा रॉड घ्यावा असे मनात आहे. त्याची ताकद आणि लांबी किती असावी, ग्लास घ्यावा की कार्बन, आणि लिपलेस, चॅटरबेट व धातूचे पाते या तिन्ही प्रकारच्या लूरना एकच रॉड पुरेल का, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे. केवळ रॉडसाठी पाच हजारांपर्यंत खर्च करू शकतो. मोटारसायकलवरून जात असल्यामुळे अखंड रॉड नेणे मला शक्य नाही.


गिरणाकाठ (चाळीसगाव)

आपला रॉड चांगला आहे, पण तो बेडकाचा आहे. बेडकाचे दोन जाड हुक रबराच्या अंगाला चिकटलेले असतात. ते मरळीच्या हाडकट जबड्यात रुतवायचे आणि तिला लगेच जलपर्णीच्या बाहेर ओढायचे, तर ताठ काठी आणि न ताणणारी लाईन हवीच. लिपलेसची गोष्ट उलटी आहे. तिचे तीन टोकांचे हुक बारीक तारेचे असतात, उघडे लोंबत असतात आणि अगदी थोड्या जोराने रुततात. त्यांना जोर कमी पडत नाही, जास्त होतो. आपला सरळ झालेला हुक हेच सांगतो आहे.

मासे का सुटतात, याची दोन वेगवेगळी कारणे आहेत आणि ती वेगळी ठेवली म्हणजे रॉडची निवड आपोआप सोपी होते. पहिले कारण धरण्याच्या क्षणाचे आहे. शिवडा किंवा मरळ मागून येऊन पाण्याबरोबर लूर तोंडात ओढून घेते. त्या क्षणी आपण रीळ फिरवत असतो, लाईन ताणलेली असते, आणि काठीचे टोक जर अजिबात वाकत नसेल तर लूर माशाच्या तोंडात जाण्याआधीच आपण ती पुढे खेचून घेतो. हुक ओठाच्या कडेला ओरखडा काढून निघून येतो. हाच आपला 'जोरदार झटका आणि मोकळी लूर'. टोकापासून मधल्या भागापर्यंत वाकणारी काठी इथे क्षणभराची उसंत देते. मासा लूर घेऊन वळतो, काठी भरत जाते आणि हुक जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. त्यामुळे या लूरला बेडकासारखा झटका मारायचाच नसतो. रीळ फिरवत राहायचे आणि काठी एका बाजूला नुसती ओढून घ्यायची.

दुसरे कारण झुंजीच्या वेळचे आहे. लिपलेस ही टणक आणि अंगाच्या मानाने जड वस्तू आहे. मासा पाण्याबाहेर डोके काढून मान झटकतो तेव्हा ती 14 ग्रॅमची लूर घंटेच्या लोळीसारखी इकडून तिकडे आदळते आणि हुकाला तरफेसारखी उचकटते. ताठ रॉडवर प्रत्येक झटक्याला लाईन एकदा सैल आणि एकदा ताठ होते, आणि सैल होण्याचा तो एक क्षण माशाला पुरतो. वाकलेला रॉड स्वतः सरळ होता होता ती सैल लाईन खाऊन टाकतो.

आता शब्दांबद्दल. दुकानात 'ताकद' आणि 'ॲक्शन' यांचा बहुधा गोंधळ केला जातो. काठी वाकवायला किती जोर लागतो ती तिची ताकद, आणि ती कुठून वाकते ती तिची ॲक्शन. फास्ट रॉड फक्त टोकाच्या पावभागात वाकतो, मॉडरेट रॉड मधल्या भागापर्यंत वाकतो, आणि स्लो रॉड मुठीपर्यंत. ओल्या कळकाची काठी आणि वाळलेली पऱ्हाटी हातात धरून वाकवल्यास हा फरक लगेच समजेल. आपल्याला ताकद कमी करायची नाही, वाक खाली आणायचा आहे. म्हणून लिपलेससाठी मीडियम किंवा मीडियम हेवी ताकद आणि मॉडरेट ॲक्शन, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र रॉडवरील 'एम' आणि 'एमएच' ही अक्षरे प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने लिहिते. एका कंपनीचा 'एम' दुसरीच्या 'एमएच'एवढा निघू शकतो. त्यांच्यापेक्षा मुठीजवळ छापलेले लूरचे वजन वाचावे. आपल्या लूर 10 ते 21 ग्रॅमच्या दरम्यान राहणार असतील, तर 7 ते 28 ग्रॅम असे लिहिलेला रॉड घ्यावा, म्हणजे आपले नेहमीचे वजन त्या मर्यादेच्या मधोमध येते. अमेरिकेतील रॅट-एल-ट्रॅपसारख्या प्रसिद्ध लिपलेसचे नेहमीचे माप अर्धा औंस, म्हणजे सुमारे 14 ग्रॅम हेच आहे. बाजारातील पुष्कळशा लूर त्याच मापाच्या आसपास असतात.

ग्लास की कार्बन, या प्रश्नात आपल्या मित्राच्या रॉडने आपल्याला अर्धा अनुभव दिलाच आहे. ग्लास जड असतो, सावकाश वाकतो, सावकाश सरळ होतो आणि बारीक कंप गिळतो. कार्बन हलका आणि ताठर असल्यामुळे कंप मुठीपर्यंत आणतो. थरथरणाऱ्या लूरच्या बाबतीत हा कंप म्हणजे आपली बातमी असते. लूरचे सपाट कपाळ पाणी दाबते, पाणी तिला आळीपाळीने दोन्ही बाजूंना ढकलते, आणि ती थरथर लाईनमधून एकसारखी हाताला जाणवत राहते. ती मंदावली तर शेवाळ लागले, एकाएकी थांबली तर बहुधा माशाने मागून येऊन लूर पुढे ढकलली. जो रॉड ही बातमी देत नाही त्यावर मासा सुटण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तो आल्याचेच कळत नाही. या दोन्ही टोकांमधला मार्ग म्हणजे कार्बन आणि ग्लास एकत्र विणलेला रॉड, ज्याला कंपन्या कंपोझिट म्हणतात. तो मिळाला नाही तर मध्यम प्रतीच्या कार्बनचा मॉडरेट किंवा मॉडरेट फास्ट रॉड चालेल. फार महागडा, अतिताठर कार्बन या कामाला नकोच. पाच हजारांच्या मर्यादेचे दुःख करण्याचे कारण नाही.

लांबी सात फूट. काठावरून फेकायचे असल्यामुळे साडेसहापेक्षा सात फुटांनी लूर लांब जाते आणि लांबवर हुक बसलेल्या माशाची सैल लाईन एका ओढीत आवरता येते. त्याहून लांब रॉड घेतल्यास मनगटाचे दुखणे वाढेल. दोन तुकड्यांचा सात फुटी रॉड सुटा केल्यावर साधारण 107 सेंटिमीटरचा होतो. मूठ कोपरापर्यंत पोहोचणारी असावी, म्हणजे दिवसभर रीळ फिरवताना तिचा मागचा भाग हाताखाली टेकवता येतो. आपले दुखणे ताठ रॉडइतकेच आखूड मुठीचेही असावे.

आणि नवा रॉड घेण्याआधी एक स्वस्त प्रयोग अवश्य करावा. आपल्या जुन्या रॉडवरील 40 पौंडांची ब्रेड काढून 15 पौंडांची नायलॉन मोनो भरावी. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही आणि मोनो चांगली ताणते, त्यामुळे रॉड जी उसंत देत नाही तिचा काही भाग लाईन देईल. ड्रॅगही, म्हणजे माशाने ओढल्यावर लाईन सुटू देणारा रिळाचा ब्रेकही, सैल करावा. कदाचित पाच हजार रुपये वाचतील.


शहादेकर (शहादा)

गिरणाकाठ यांचे विवेचन मोकळ्या पाण्याला अचूक लागू पडते, पण मी त्यांच्याशी एका मुद्द्यावर असहमत आहे. आमच्याकडे प्रकाशा आणि सारंगखेडा या दोन्ही बॅरेजच्या फुगवट्यात काठालगत पाणवनस्पतींचे जाळे असते, आणि मासा त्या जाळ्याच्या कडेलाच दबा धरून असतो. लिपलेस त्या वनस्पतींच्या शेंड्यांवरून न्यावी लागते. ती अडकते, आणि अडकल्यावर एका तडाख्यात तिला मोकळी करावी लागते. खरी गंमत अशी की बरेचदा मासा नेमका त्याच वेळी धरतो, कारण अडकलेली लूर सुटून उसळते तेव्हा ती घाबरलेल्या मासोळीसारखी दिसते. मऊ, मॉडरेट रॉडने हा तडाखा बसत नाही. टोक वाकत राहते, वनस्पती ताणली जाते आणि लूरऐवजी हिरव्या शेवाळाचा भारा काठावर येतो.

म्हणून माझ्याकडे मीडियम हेवी, मॉडरेट फास्ट असा कार्बनचा सात फुटी रॉड आहे. टोकाचा तिसरा हिस्सा वाकतो, त्याखाली काठीला कणा आहे. मासे सुटू नयेत यासाठी मी मोनो वापरत नाही, कारण मोनोनेही वनस्पतीतून लूर सुटून निघत नाही. 30 पौंडांची ब्रेड आणि पुढे दीड-दोन फूट जाड लीडर, म्हणजे लूरच्या आधीचा लाईनचा वेगळा तुकडा, असे ठेवतो. शिवड्याच्या तोंडातील बारीक दातांची घासणी सोसायलाही लीडर जाड असणे बरे. त्याऐवजी मी हुक बदलतो. लूरबरोबर आलेले तीन टोकांचे हुक काढून त्याच मापाचे, पण जरा जाड तारेचे आणि आखूड दांडीचे हुक लावतो. आखूड दांडीला तरफ कमी मिळते. हा खर्च रॉडच्या मानाने काहीच नाही.

चॅटरबेटविषयी थोडे वेगळे सांगावेसे वाटते. चॅटरबेट हे खरे तर झी-मॅन कंपनीच्या मालाचे नाव. प्रकाराचे नाव ब्लेडेड जिग असे आहे, पण वनस्पती तुपाला आपण जसे सरसकट डालडा म्हणत आलो तसेच हेही झाले. तिच्यात हुक एकच असतो, जाड असतो आणि वर तोंड करून असतो. तो रुतवायला लिपलेसपेक्षा नक्कीच जास्त जोर लागतो. म्हणून तिथे ताकद मीडियम हेवीच्या खाली आणू नये. पण तिचा पत्रा पाण्यात इतका ओढ घेतो की काठी रीळ फिरवतानाच थोडी वाकलेली असते, आणि ताठ टोकावर तीच ओढ मनगटाला थकवते. आपल्या दुखण्यात याचाही वाटा असावा. परदेशातले कितीतरी अनुभवी लोक चॅटरबेटसाठी मुद्दाम ग्लास मिसळलेला रॉड का वापरतात, हे मला ती स्वतः दिवसभर ओढून पाहिल्यावर कळले.

अनुभवाची एक गोष्ट सांगून थांबतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना लोक त्याचे दात पाहतात, चाल पाहतात, आणि तरीही एकदा पाठीवर बसल्याशिवाय पैसे देत नाहीत. रॉड मात्र आपण फोटो पाहून मागवतो. पहिला रॉड मी असाच एका ऑनलाइन दुकानातून मागवला; मॉडरेट म्हणून आला आणि निघाला झाडूची काठी. परत घ्यायला त्यांनी नकार दिला. जमेल तितके हातात घेऊनच निवडा.


तापीकाठ (भुसावळ)

दोघांचेही मनापासून आभार. गिरणाकाठ यांनी सुचवलेला मोनोचा प्रयोग मागच्या रविवारी केला. सहा वेळा माशाने लूर धरली आणि तीन मासे बाहेर आले; म्हणजे निम्मे. आधीच्या मानाने ही मोठीच सुधारणा आहे, पण लांब फेकल्यावर लूरची थरथर पूर्वीइतकी स्पष्ट जाणवली नाही, आणि दूरच्या माशाला काठी बाजूला ओढूनही हुक नीट बसल्यासारखे वाटले नाही. म्हणजे जे लाईनच्या ताणाने मिळते ते लाईनच्या ताणानेच जाते, असे दिसते.

आता एक साधा प्रश्न. जळगावच्या दुकानात दोन-तीन रॉड हातात घेऊन पाहण्याची सोय आहे, पण पाण्यात फेकून पाहता येणार नाही. दुकानात उभे राहून ॲक्शन कशी ओळखावी? काउंटरवरचे गृहस्थ टोक छताला टेकवून वाकवून दाखवतात, त्यावरून मला काहीही बोध होत नाही. शिवाय धातूच्या पात्याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही.


गिरणाकाठ (चाळीसगाव)

टोक छताला टेकवून कधीही वाकवू देऊ नका. त्या कोनात काठीवर पाण्यातल्यासारखा भार येत नाही, टोकाची कडी मात्र तुटू शकते. सोबत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली न्यावी. ती भरलेली असली म्हणजे साधारण अर्धा किलो भार होतो. रॉडला आपले स्वतःचे रीळ बसवावे, लाईन सगळ्या कड्यांतून ओवावी, तिच्या टोकाला बाटली बांधून ती जमिनीवर उभी ठेवावी, आणि मूठ जमिनीशी साधारण 45 अंशांत धरून सावकाश उचलावी. वाक टोकाशीच थांबतो की मधल्या कड्यांपर्यंत उतरतो, ते बाजूला उभ्या असलेल्या माणसाला स्वच्छ दिसते. दोन रॉड एकाच बाटलीने तपासले की तुलना होते. एकट्या रॉडवरून निष्कर्ष काढू नये. बाटली जमिनीवर टेकवून काठी एकदम सैल सोडल्यावर टोक किती वेळा हेलकावे खाते तेही पाहावे. फार वेळ डुलणारे टोक लूरची बातमी बिघडवते.

मग रीळ लावलेल्या स्थितीत रॉड मुठीच्या किंचित पुढे एका बोटावर तोलून पाहावा. टोक जमिनीकडे धावत असेल तर तो रॉड संध्याकाळपर्यंत मनगट खाणार हे नक्की. दुकानदाराला हे सारे चमत्कारिक वाटेल, वाटू द्यावे.

शहादेकर यांच्या आक्षेपाबद्दल: वनस्पती असतील तिथे त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. गिरणेच्या माझ्या जागा खडकाळ आणि उघड्या आहेत, त्यामुळे माझ्या लिहिण्यात तो विचार आला नाही.


वाघूरवासी (जामनेर)

धातूच्या पात्याबद्दल मी लिहितो, कारण माझे बहुतेक मासे त्याच्यावरच आले आहेत. ही लूर म्हणजे मासोळीच्या आकाराचा पातळ पत्रा, पोटाशी शिसे आणि पाठीवर ओळीने दोन-तीन छिद्रे. पुढच्या छिद्रात लाईन अडकवली तर थरथर बारीक आणि जलद होते, मागच्या छिद्रात अडकवली तर ती जास्त झोकदार होते. छिद्राची कडा धारदार असल्यामुळे लाईन थेट बांधू नये, मध्ये लहान स्नॅप, म्हणजे उघडझाप होणारी तारेची कडी, हवा. ही लूर सरळ ओढण्यापेक्षा खोल पाण्यात तळापर्यंत सोडून, काठीने फूट-दीड फूट उचलून पुन्हा तळाला बसू देण्यासाठी आहे. उचलताना ती थरथरते, खाली जाताना गप्प असते, आणि मासा बहुधा खाली जातानाच धरतो. म्हणजे हाताला जे कळायचे ते झटक्याने कळत नाही. लूर जिथे तळाला टेकायला हवी होती तिथे ती टेकली नाही, एवढेच कळते.

एवढ्यावरून लक्षात येईल की इथे मॉडरेट रॉडचा उपयोग कमी. उचलण्याची आज्ञा लूरपर्यंत ताबडतोब पोहोचली पाहिजे आणि तळाचा स्पर्श परत आला पाहिजे. साडेसहा ते सात फूट, मीडियम ताकद, फास्ट ॲक्शन, कार्बन, आणि बारीक ब्रेड, असा माझा संच आहे. हुक मात्र इथेही बारीकच असतात, म्हणून झुंजीत मासा सुटतो. त्यावर उपाय म्हणून ड्रॅग सैल ठेवतो आणि काठी उंच न धरता पाण्याच्या बाजूला कलती धरतो, म्हणजे मासा वर उसळत नाही. तिन्ही लूरना एकच रॉड पुरेल का, या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की लिपलेस आणि चॅटरबेट एका रॉडवर नांदतील, पाते नांदणार नाही. पण पाते वापरायचे असेल तर आपला जुना फास्ट रॉड विकू नका. तो हेवी असल्यामुळे 14 ग्रॅमचे पाते त्यावर नीट फेकले जाणार नाही, तरी होडीतून खाली सोडण्यापुरता चालून जाईल.

आमच्याकडे एक वयस्क कोळीबाबा आहेत, त्यांचे सारे आयुष्य जाळ्यावर गेले. मी रॉडची ही सगळी चिकित्सा त्यांना ऐकवली तेव्हा ते म्हणाले, 'मासा काठी देखस नही, भाऊ.' ते खरेच आहे; पण माशाला नसली तरी मला काठी लागते, असे मी म्हणालो तेव्हा ते हसले.

त्यांच्यावरून आठवले. थरथरणाऱ्या लूरचे उघडे हुक गिलनेटमध्ये, म्हणजे पाण्यात उभ्या लावलेल्या जाळ्यात, फार वाईट अडकतात. धरणातील मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा आधी त्यांची परवानगी घ्यावी आणि थर्माकोलचे तरंगते तुकडे दिसतील तिथे लूर फेकू नये. अडकलीच तर शहादेकर यांचा तडाखा तिथे मारू नये, जाळे फाटते. त्यापेक्षा लूर गेली तर जाऊ द्यावी.

मोटारसायकलबद्दल: ठिबकच्या दुकानात 75 मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप आणि दोन टोपणे घ्या. सव्वा मीटर पाईपमध्ये दोन तुकड्यांचा रॉड कापडात गुंडाळून आरामात बसतो आणि सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला बांधता येतो. जळगाव जिल्ह्यात राहून रॉडच्या पिशवीला वेगळे पैसे देणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. फक्त मे महिन्यात तो पाईप उन्हात तासन्‌तास ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हात कड्यांचे आणि मुठीचे डिंक सुटतात.


तापीकाठ (भुसावळ)

रॉड घेतला. पाण्याची बाटली घेऊन गेलो होतो. दुकानदार प्रथम हसले, मग त्यांनी स्वतःच आतून आणखी दोन रॉड आणून तपासायला दिले. चार रॉडपैकी दोन 'मॉडरेट फास्ट' म्हणून छापलेले होते, पण बाटलीखाली एक टोकाशीच वाकला आणि दुसरा जवळजवळ अर्ध्यापर्यंत. दुसरा घेतला. सात फूट, दोन तुकडे, मीडियम हेवी, 7 ते 28 ग्रॅम, ग्लास मिसळलेला कार्बन. किंमत माझ्या मर्यादेपेक्षा थोडी खालीच आली. रीळ जुनेच आहे, त्यावर 30 पौंडांची ब्रेड आणि शहादेकर यांनी सांगितल्याप्रमाणे जाड लीडर बांधला. हतनूरला माझ्या जागी वनस्पती फार नाहीत, तरी उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जुने खुंट वर येतात, म्हणून मोनोवर परत गेलो नाही.

पहिल्या सकाळी लिपलेसवर पाच वेळा माशाने धरले आणि चार बाहेर आले: एक अडीच किलोच्या आसपासचा शिवडा, दोन मरळी आणि एक लहान शिंगाळा. पाचवा काठाजवळ आल्यावर सुटला, आणि तो माझ्या जुन्या सवयीने मारलेल्या झटक्यामुळे सुटला. रॉडचा त्यात दोष नव्हता. थरथर मित्राच्या ग्लास रॉडपेक्षा पुष्कळ स्वच्छ कळते. जुन्या रॉडइतकी मात्र नाही.

एक गोष्ट विचारायची राहिली. चॅटरबेट ओढताना माझे रीळ जड चालते. त्याचे गिअर प्रमाण 8:1 आहे, म्हणजे हँडलच्या एका फेरीत लाईनची चकती आठ वेळा फिरते. हे त्यामुळेच का?


शहादेकर (शहादा)

होय, त्यामुळेच. जितके प्रमाण मोठे तितकी प्रत्येक फेरीला लाईन जास्त गोळा होते आणि हँडलला जोर जास्त लागतो. चॅटरबेटला 6:1 च्या आसपासचे रीळ सोयीचे पडते, आणि त्यावर लूर नकळत वेगाने ओढली जात नाही हा आणखी एक फायदा. लिपलेस उथळ पाण्यात वनस्पतींच्या वरून झटपट न्यायची असेल तेव्हा 7:1 बरे. एकच रीळ ठेवायचे असेल तर 6 आणि 7 यांच्या मधले घ्या. तोपर्यंत 8:1 वर हँडल मुद्दाम सावकाश फिरवा आणि रॉडचे टोक पाण्याकडे खाली ठेवा.

शिवडा कुठल्या बाजूला लागला, एवढे मात्र इथे लिहू नका.